उसनी बंदूक

माझ्या घरात बारा बोअरची एक दुनळी बंदूक आहे. ती ज्या लोखंडी कपाटात असते त्याची किल्ली कुठे ठेवतो, हे माझ्या बायकोला माहीत नाही. शॉटगनचं सर्टिफिकेट माझ्या एकट्याच्या नावावर आहे, म्हणून किल्ली तिच्याही हाती लागता कामा नये, असं पोलिसांकडून कपाट बघायला आलेल्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. भिंतीत रुतवलेले बोल्ट त्यांनी हाताने हलवून पाहिले, काडतुसं कुठे ठेवणार ते विचारलं, आणि निघताना किल्लीचं पुन्हा एकदा बजावलं.

बेसिंगस्टोकला आम्ही १९९८ साली आलो. लंडनहून साउदॅम्प्टनकडे जाताना लागणारं मोठं स्टेशन, एवढीच या गावाची बऱ्याच जणांना ओळख असते. लंडनची जादा वस्ती सामावून घेण्यासाठी साठच्या दशकात गाव वाढवलं, आणि माझ्यासारख्या कंप्युटरवाल्यांना नोकऱ्या देणाऱ्या इमारती त्यानंतर उभ्या राहिल्या. पण गावाबाहेर दहा मिनिटं गाडी हाकली की हॅम्पशरची जुनी शेतं सुरू होतात. गहू, बार्ली, बांधाला झाडोरा, आणि थंडीत फेझंटच्या शिकारीचे बार. पहिल्या हिवाळ्यात तो आवाज कानी पडला तेव्हा मला बांद्याजवळचं आमचं घर आठवलं.

आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. सिंधुदुर्गात अशा बंदुका अजूनही पुष्कळ घरांत आहेत. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं उतरतात, माकडं नारळ पाडतात, आणि शेतकरी माळ्यावर बसून बार काढतो. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकालानंतर पावती दाखवून परत आणायच्या. माझ्या आत्याचे यजमान पोलिसात फौजदार होते. एका गणपतीत ते घरी आले आणि आजोबांना म्हणाले, दोन दिवस बंदूक द्या, आंबोलीच्या बाजूला जाऊन येतो. जावई, त्यात फौजदार, त्यात सणाचा दिवस. आजोबांनी पानाचा डबा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "परवानो माज्या नावार आसा, जावयबापू. तुमच्या टोपयेर न्हय." काका त्या रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत, आणि आजीने आजोबांशी दोन दिवस अबोला धरला. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. मला काका आवडायचे, म्हणून आजोबांचा फार राग आला होता.

ते सगळं दोन वर्षांपूर्वी एका फोनने परत समोर आलं. माझा भाचा इंग्लंडमधल्या एका पोलीस दलात शिपाई आहे. जन्म इथलाच, पण ताईने मराठी टिकवलं म्हणून माझ्याशी तो मराठीतच बोलतो. म्हणाला, "मामा, या वीकेंडला तुझी गन देशील का? मित्राचं लग्न ठरलंय, आम्ही सगळे एका फार्मवर क्ले मारायला जातोय." क्ले म्हणजे यंत्रातून हवेत फेकलेल्या तबकड्या. मी विचारलं, "तुझ्याकडे सर्टिफिकेट आहे?" तो हसला. "मामा, मी पोलीस आहे!"

त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, त्याला ते खरंच तसं वाटत होतं. आपल्यातल्याही किती जणांना तसंच वाटतं! घरात कुणी पोलीस असला की कायद्याची दारं त्याच्यासाठी आपोआप उघडतात, आणि त्याच्या हाती दिलेली वस्तू सरकारच्याच हाती दिल्यासारखी असते, असा एक समज असतो. मी त्याला "नाही" म्हटलं. पण का नाही, हे त्याला नीट सांगता यावं म्हणून पुढचे काही महिने मी या देशातल्या बंदुकीच्या कायद्याचा इतिहास वाचत बसलो.

सुरुवात १८७० पासून करावी लागते. त्या वर्षीच्या गन लायसन्स ॲक्टने घराच्या आवाराबाहेर बंदूक बाळगायला परवाना आणला. तो पोस्टात मिळायचा, दहा शिलिंगांना. कोण आहेस, बंदूक कशाला हवी, हे कुणी विचारत नसे. कर भरायचा आणि पावती घ्यायची, इतकंच. हा परवाना कुणाला लागणार नाही याची यादी मात्र त्या कायद्यात होती. सैन्यातला माणूस आणि पोलीस त्या यादीत होते, पण एका अटीवर: बंदूक कर्तव्य बजावताना किंवा नेमबाजीच्या सरावात वापरलेली असली पाहिजे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी, जेव्हा कुणीही दहा शिलिंगांत बंदूक घेऊन फिरू शकत होता, तेव्हासुद्धा सवलत त्या शिपायाच्या कामाला होती, त्या माणसाला नव्हती. सुट्टीच्या दिवशी ससे मारायला निघालेल्या हवालदाराला पोस्टात जाऊन दहा शिलिंग मोजावे लागत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आजोबा जावयाला जे म्हणाले ते याहून वेगळं नव्हतं.

त्याच यादीत आणखी एक जण होता: मालकाच्या हुकमावरून, मालकाच्याच वापरासाठी त्याची बंदूक वाहून नेणारा नोकर. शिकारीला जाणाऱ्या साहेबामागून बंदूक खांद्यावर घेऊन चालणारा. हा माणूस पुढे इथल्या १९६८ च्या कायद्यातही टिकला, आणि आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी दुसऱ्याला बंदूक नेता येते. दुसऱ्याच्या मौजेसाठी नाही. बंदूक हलली तरी ती मालकाचीच सेवा करत राहिली पाहिजे, हा त्यातला विचार आहे.

त्या काळचं बेसिंगस्टोक कसं होतं? गावाचं स्वतःचं पोलीस दल होतं, अगदी मूठभर माणसांचं. ते १८८९ मध्ये हॅम्पशरच्या दलात विलीन झालं. त्याच्या आठ वर्षं आधी, १८८१ च्या मार्चमध्ये, इथे दंगल उसळली होती. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेचे लोक दारूविरुद्ध प्रचार करत गावातून मिरवणुका काढत होते, आणि दारू गाळण्यावर पोट असलेल्या या गावातला एक मोठा गट त्यांच्यावर धावून जात होता. रविवारच्या रविवार मारामाऱ्या. पोलिसांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर महापौरांनी जमावाला पांगण्याचा इशारा म्हणून दंगलीचा कायदा वाचून दाखवला आणि गावात मुक्कामाला थांबलेल्या तोफखान्याच्या जवानांना रस्ते मोकळे करायला बोलावलं. बाजारपेठेतली त्या वेळची नगरपालिकेची इमारत आज विलिस संग्रहालय म्हणून उभी आहे. मी तिच्यासमोरून आठवड्यातून दोनदा तरी जातो. बळ कमी पडलं तेव्हा गावाने ते उसनं आणलं, पण सरकारकडूनच, हुकूम देऊन आणि उघडपणे.

अठ्ठावीस वर्षांनी लंडनमध्ये बळ वेगळ्या तऱ्हेने उसनं घेतलं गेलं. पोलिसाला बंदूक उसनी देण्याची एवढी मोठी घटना या देशाच्या इतिहासात मला दुसरी सापडली नाही.

२३ जानेवारी १९०९, शनिवार. टॉटनहॅममध्ये पोलीस चौकीसमोरच एक रबराचा कारखाना होता. कामगारांच्या पगाराची पिशवी गाडीतून आली, आणि दबा धरून बसलेल्या दोघा लॅटव्हियन निर्वासितांनी ती हिसकावली. पॉल हेफेल्ड आणि जेकब लेपिडस ही त्यांची नावं. रक्कम होती ऐंशी पौंड. दोघांकडे आपोआप गोळी भरणारी पिस्तुलं होती. आवाज ऐकून चौकीतले शिपाई धावत सुटले, पण त्यांच्या हातात दंडुक्याखेरीज काही नव्हतं. मग दोन तासांहून अधिक वेळ, सुमारे सहा मैल, पाठलाग चालला. रस्त्यातून, दलदलीतून, पळवलेल्या ट्राममधून. त्या दोघांनी चारशेच्या वर गोळ्या झाडल्या. विल्यम टायलर हा शिपाई ठार झाला आणि राल्फ जॉसलिन नावाचा दहा वर्षांचा मुलगाही. वीसहून जास्त माणसं जखमी झाली.

त्या पाठलागात पोलिसांनी वाटेतल्या लोकांकडून पिस्तुलं मागून घेतली, निदान चार तरी. लोकांनी ती दिली. कुणी नाव विचारलं नाही, कुणी कागद मागितला नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनेही त्यात काही वावगं नव्हतं. शिपाई कर्तव्यावर होता, आणि बंदूक बाळगणं ही तेव्हा फक्त कराची बाब होती. शेवटी लेपिडस एका झोपडीवजा घरात शिरला. चार्ल्स ईगल्स या शिपायाने जवळच्या माणसाकडून बंदूक घेतली, शिडी लावून माडीच्या खिडकीशी चढला, आत लेपिडस दिसला, आणि ईगल्सला ती बंदूक चालवताच आली नाही. तिचा खटका त्याच्या ओळखीचा नव्हता. तो जीव मुठीत घेऊन खाली उतरला, आणि दोन सहकाऱ्यांबरोबर घरात घुसला. तिघांनाही पुढे बढती मिळाली, आणि त्याच वर्षी राजा सातव्या एडवर्डने सुरू केलेलं किंग्ज पोलीस मेडल त्यांना देण्यात आलं.

ईगल्सच्या त्या शिडीवरच्या क्षणावर मी खूप विचार केला आहे. उसन्या बंदुकीत मला दिसणारा सगळा धोका तिथे एकवटलेला आहे. माणूस शूर, हेतू स्वच्छ, गरज खरी, आणि तरीही हातातली वस्तू परकी. ज्याच्या हाताला ती सवयीची नाही त्याच्या हातात ती नुसती निकामी ठरली, हे ईगल्सचं नशीब. ती चुकून भलतीकडे उडाली असती तर?

मराठी वाचकाला १९०९ म्हटलं की वेगळी पिस्तुलं आठवतील. १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला ठार केलं, सावरकरांनी लंडनहून गुपचूप धाडलेल्या वीस ब्राउनिंगांपैकी एकाने. ब्रिटनमध्ये तेव्हा पिस्तूल विकत घेणाऱ्याने पोस्टातला परवाना दाखवला तरी पुरे होतं. हिंदुस्थानात मात्र १८७८ च्या कायद्याने सामान्य माणसाला सरकारच्या मेहेरबानीशिवाय हत्यार बाळगायची बंदी होती, आणि युरोपियनांना तीतून सूट होती. एकाच राज्याने दोन देशांत दोन कायदे चालवले. स्वतःच्या लोकांवर तेव्हा त्याचा विश्वास होता. आमच्या लोकांवर नव्हता.

तो विश्वास पहिल्या महायुद्धानंतर संपला. त्याआधीच, १६ डिसेंबर १९१० ला, हाउंड्सडिचमध्ये तीन निःशस्त्र पोलीस मारले गेले होते, आणि ३ जानेवारी १९११ ला त्याच टोळीविरुद्धच्या सिडनी स्ट्रीटच्या वेढ्यात टॉवर ऑफ लंडनमधून सैनिक बोलवावे लागले होते, आणि गृहमंत्री चर्चिल स्वतः तिथे येऊन उभे राहिले होते. युद्धाहून परतलेल्या सैनिकांबरोबर हत्यारं घरी आली, रशियात क्रांती झाली, आणि सरकार धास्तावलं. १९२० च्या फायरआर्म्स ॲक्टने पोस्टाची खिडकी बाजूला सारून पिस्तूल-रायफलीसाठी थेट पोलीस प्रमुखाच्या दारात माणसाला उभं केलं: सबळ कारण सांग, मग सर्टिफिकेट मिळेल. शॉटगन तेवढी सुटली, ती शेतकऱ्याची म्हणून. तिच्यावर सर्टिफिकेट यायला १९६६ चा ऑगस्ट उजाडावा लागला. लंडनच्या ब्रेब्रुक स्ट्रीटवर तीन पोलिसांना गोळ्या घातल्या गेल्या, पुढच्या वर्षी कायदा झाला, आणि १९६८ मध्ये सगळं एका मोठ्या कायद्यात गोळा करण्यात आलं. आजही तोच पाया आहे.

या १९६८ च्या कायद्यात सत्तावन्नावं कलम व्याख्यांचं आहे. वकिलांखेरीज ते कुणी वाचत नसेल, पण माझ्या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. हस्तांतर म्हणजे काय? भाड्याने देणं, बक्षीस देणं, उसनं देणं, ताबा सोडणं, सगळं हस्तांतरच. आणि मिळवणं म्हणजे? भाड्याने घेणं, भेट स्वीकारणं, उसनं घेणं. आपल्या बोलण्यात उसनं दिलेली वस्तू आपलीच राहते: वाटीभर साखर, शिडी, गाडी. बंदुकीच्या कायद्यात उसनं देणं हे विकण्याच्या पंक्तीत बसतं. घेणाऱ्याने सर्टिफिकेट दाखवलं नाही, किंवा त्याची गरज नसल्याचं सिद्ध केलं नाही, तर देणाराही गुन्हेगार. सर्टिफिकेटाशिवाय शॉटगन ताब्यात ठेवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पोलिसाला सर्टिफिकेटाची गरज नसते का? असते आणि नसतेही. चोपन्नावं कलम पोलिसाला राजसेवक मानतं आणि सूट देतं, पण त्या नात्याने वागत असेल तेवढ्यापुरती. १८७० ची तीच अट, फक्त नव्या भाषेत. आपल्या १९५९ च्या अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमातही लोकसेवकाला सूट आहे ती कर्तव्य बजावताना. मित्राच्या लग्नाआधी फार्मवर तबकड्या फोडणं हे कुणाचंच कर्तव्य नव्हे. शिवाय इथले बहुतेक पोलीस आजही निःशस्त्र असतात. बंदूक हाती देण्याआधी निवडक लोकांना वेगळं प्रशिक्षण देतात. माझा भाचा त्यांच्यातला नाही. त्याने त्याच्या नोकरीत कधी बंदूक हातात धरलेली नव्हती.

उसन्याचे तपशील आणखी घट्ट झाले ते हंगरफर्डमुळे. ते गाव माझ्या घरापासून पंचवीसेक मैलांवर आहे, कालव्याकाठचं, शांत, जुन्या वस्तूंच्या दुकानांचं. १९ ऑगस्ट १९८७ ला तिथे मायकल रायनने सोळा जणांना मारलं, आपल्या आईला आणि रॉजर ब्रेरेटन या निःशस्त्र पोलिसालाही, आणि मग स्वतःला संपवलं. त्याच्या बंदुका सर्टिफिकेटावरच्या होत्या. त्यानंतर १९८८ मध्ये कायदा बदलला. सर्टिफिकेटावर प्रत्येक शॉटगनचं वर्णन यायला लागलं, आणि सर्टिफिकेट असलेल्या माणसालासुद्धा ती बहात्तर तासांहून जास्त उसनी दिली तर सात दिवसांत पोलिसांना कळवणं बंधनकारक झालं. १३ मार्च १९९६ ला डनब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या; १९९७ मध्ये पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली, आणि बंदूक हाती सोपवायची ती समोरासमोर, असा नियम झाला. या नियमांना कटकट म्हणणारे लोक मला नेमबाजीच्या क्लबात भेटतात. मी त्यांना हंगरफर्डला एकदा जाऊन या असं सांगतो.

सर्टिफिकेट नसलेल्यासाठी कायद्याने एक अरुंद वाट ठेवली आहे. पूर्वी खाजगी जमिनीचा ताबेदार आपल्यासमोर दुसऱ्याला आपली शॉटगन वापरू देऊ शकत असे. पण ताबेदार कोण, याची व्याख्याच कायद्यात नव्हती आणि त्यावरून खूप घोळ होता. २०१७ मध्ये ती तरतूद नव्याने लिहिली गेली. देणाऱ्याकडे सर्टिफिकेट हवं, जमीन खाजगी हवी, तिथे नेमबाजीला लोक बोलवायचा हक्क त्याला स्वतःला हवा किंवा तसा हक्क असलेल्याची लेखी परवानगी हवी, आणि सर्वांत महत्त्वाचं, देणारा किंवा तशीच पात्रता असलेला दुसरा सर्टिफिकेटधारक तिथे समक्ष हजर हवा. पोलीस प्रमुखाने मान्यता दिलेल्या क्लेच्या मैदानावरही नवख्याला नेम धरता येतो. मी भाच्याला हे सगळं एका संध्याकाळी चहाबरोबर सांगितलं. तो गप्प बसून ऐकत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे तू बरोबर आलास तर चालेल?" चालेल, म्हटलं.

मित्रांच्या त्या कार्यक्रमाला तो तेव्हाच जाऊन आला होता, बंदुकीशिवाय. तिथल्या फार्मच्या मालकाने आपली बंदूक आपल्या देखत वापरायला दिली होती. त्या संध्याकाळनंतर मी त्याला आमच्या क्लबच्या मैदानावर चार-पाच रविवार नेलं. नळ्या मोडून रिकाम्या आहेत हे आधी दुसऱ्याला दाखवायचं, मगच बंदूक हातात द्यायची. चालताना ती मोडलेलीच ठेवायची. खटका बोटाच्या सवयीचा होईपर्यंत काडतूस भरायचं नाही. ईगल्सची शिडी मी त्याला तिथेच सांगितली. टॉटनहॅमची गोष्ट त्याला थोडीफार ठाऊक होती, हा तपशील नव्हता.

आजोबांचं वाक्य मी त्याला मालवणीत ऐकवलं आणि अर्थ सांगितला. काकांची बाजूही सांगितली. ते वाईट नव्हते. सासऱ्याने चारचौघांत नकार दिला ही बोच त्यांच्या मनात वर्षानुवर्षं होती. नात्यातला नकार जड असतो, त्यात पोलिसाला दिलेला तर अधिकच, कारण त्याला तो अविश्वास वाटतो. पण आजोबांनी अविश्वास दाखवला नव्हता. सरकारने त्यांच्यावर जो विश्वास टाकला होता, तो दुसऱ्याला उसना द्यायचा हक्क त्यांना नव्हता, इतकंच.

परदेशातली काही मराठी कुटुंबं घरात बंदूक ठेवतात; कुणी क्लेसाठी, कुणी शेतावरच्या कबुतरांसाठी. त्यांना माझी विनंती आहे की जावई, मेहुणा, भाचा कुणीही मागो, त्याच्या अंगावर कुठलीही वर्दी असो, आधी त्याचं सर्टिफिकेट डोळ्यांनी पाहा. नसेल तर त्याच्याबरोबर जा.

भाच्याने मागच्या वर्षी स्वतःच्या नावाने अर्ज केला. डॉक्टरकडून त्याच्या तब्येतीची माहिती मागवली गेली, घरी येऊन कपाट तपासलं गेलं, आणि पोलिसाच्याही वाट्याला इतरांइतकीच वाट पाहणं आलं. गेल्या ऑक्टोबरात दोन रात्री माझी बंदूक त्याच्याकडे होती. नेताना त्याने न मागता सर्टिफिकेट माझ्यापुढे धरलं, मी वहीत तारीख आणि वेळ लिहिली, आणि रविवारी संध्याकाळी त्याने ती माझ्या हातात परत दिली तेव्हा अठ्ठेचाळीस तास झाले होते.